ओवी उरली, चाल गेली

आमच्या कोरेगावच्या घरात आत्याची एक वही आहे. आजीच्या जात्यावरच्या ओव्या तिने त्यात उतरवून ठेवल्या होत्या. परवा फराळाची भांडी काढताना ती हाती आली. अक्षर सुवाच्य, एकही पान गहाळ नाही. मोठ्याने वाचू लागलो आणि जीभ अडखळली. चाल घरात कुणालाच ठाऊक नव्हती. आत्या गेली, तिच्याबरोबर तीही गेली!

मग मनात आले, लोकगीते जपली असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय जपतो? साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्यांना मानाचे पान दिले. बागणीच्या सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीतर्फे खंडामागून खंड काढले. हे ऋण फिटणारे नाही. तथापि अशा संग्रहांत आई, भाऊ, माहेर अशी विषयवार लावलेली ओवी भेटते. गाणारी बाई बहुधा पडद्याआडच राहते.

दूर न्यूझीलंडात आपिराना न्गाटा यांनी १९२८ पासून माओरी गीते ग्रंथबद्ध केली, तेव्हा गीत कुणाचे, कोणत्या कुळातले, कोणत्या प्रसंगाचे, हेही सोबत नोंदवले. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी हीच दृष्टी ठेवली. हजाराहून अधिक गावांतून त्यांनी लाखावर ओव्या जमवल्या, गायिकांची नावे व गावे टिपली, आणि पुष्कळ ओव्या ध्वनिमुद्रितही केल्या. २०१७ पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होत आहेत.

त्या ऐकल्या म्हणजे छापील ओवीचे अपुरेपण ध्यानात येते. कागदावर ती दोन ओळींत आटोपते. गाणारी मात्र एखादा शब्द पुन्हा घोळवते, मध्येच ‘बाई’ म्हणून थबकते, दुसरीला सूर धरू देते. वाचताना सोशिक वाटणारी ओवी तिच्या तोंडी कधी चक्क तक्रार होते!

एक उणीव मात्र ध्वनिमुद्रणालाही भरून काढता येत नाही. दळण गिरणीत गेले आणि पहाटे जात्याशी मन मोकळे करण्याची जागाच गेली. आजीचे बोलणे मुळात कुणाला ऐकवण्यासाठी नव्हते.

तरी वाचकहो, यंदा भाऊबीजेला घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या आत्याला, मावशीला गायला बसवा. आवाज टिपून घ्या, खाली तिचे नाव आणि गाव लिहा. आमच्या वहीत ते लिहायला मी यंदा बसलो, आणि आजीच्या माहेरचे गावच मला आठवेना.