पदकांचा संदर्भग्रंथ आणि पदकांमागील इतिहास : जॉन अँगोलिया यांच्या ग्रंथाची चिकित्सा

प्रस्तावना :

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सैन्याविषयी गेल्या अर्धशतकात जे विपुल लेखन झाले, त्याचा लक्षणीय भाग विद्यापीठीय इतिहासकारांनी नव्हे, तर पदके, गणवेश, बिल्ले आणि पट्ट्यांची बक्कले जमविणाऱ्या संग्राहकांसाठी झालेला आहे. इतिहासविषयक चर्चासत्रांतून या साहित्याची दखल क्वचितच घेतली जाते. तथापि वस्तुसंग्रहालयातील वस्तू ओळखण्यासाठी, लिलावातील वर्णनासाठी आणि सैनिकांच्या जुन्या छायाचित्रांतील बिल्ले वाचण्यासाठी ज्यांचा आधार घेतला जातो, ते ग्रंथ प्रामुख्याने याच परंपरेतील आहेत. अमेरिकी सैन्यातील निवृत्त लेफ्टनंट कर्नल जॉन आर. अँगोलिया यांचा 'फॉर फ्यूरर अँड फादरलँड : मिलिटरी अवॉर्ड्स ऑफ द थर्ड राइख' हा ग्रंथ या परंपरेतील एक पायाभूत ग्रंथ होय. कॅलिफोर्नियातील आर. जेम्स बेंडर प्रकाशनाने तो 1976 मध्ये प्रसिद्ध केला. राजकीय व नागरी सन्मानचिन्हांना वाहिलेला दुसरा खंड 1978 मध्ये आला. प्रस्तुत लेखात मुख्यतः पहिल्या खंडाचा आणि त्या निमित्ताने या लेखनप्रकाराचा विचार केला आहे.

ग्रंथाचे बलस्थान :

अँगोलिया यांच्यापूर्वी या विषयावर अधिकृत म्हणता येईल असा ग्रंथ होता तो हाइनरिख डोले यांचा, 1943 मध्ये निघालेला. डोले हे जर्मन राष्ट्राध्यक्ष कार्यालयातील सन्मानचिन्ह विभागाशी संबंधित अधिकारी. म्हणजेच ते साधन राजवटीने स्वतःविषयी दिलेले निवेदन होते, आणि युद्ध संपण्यापूर्वीचे असल्यामुळे 1944 मध्ये स्थापन झालेली सन्मानचिन्हे त्यात असणे शक्य नव्हते. ही पोकळी अँगोलिया यांनी भरून काढली. पदकाची स्थापना, प्रदानाचे निकष, घडण, धारण करण्याची पद्धत, प्रदानपत्रे आणि छायाचित्रे असा क्रम त्यांनी रूढ केला. तो पुढील लेखकांनी जवळजवळ जसाच्या तसा उचलला, यावरून त्याची उपयुक्तता ध्यानात यावी.

या पद्धतीचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. जर्मन पदकनिर्मात्यांना दोन स्वतंत्र प्रकारचे क्रमांक दिलेले होते. ल्यूडेनशाइड येथील 'श्टाइनहाउअर उंड ल्यूक' ही संस्था किरकोळ विक्रीच्या पदकांवर 'एल 16' असे चिन्ह उमटवीत असे, तर शासनाकडून प्रदानासाठी पुरविलेल्या पदकांवर '4' हा अंक असे. बर्लिनच्या 'युंकर' या निर्मात्याचे क्रमांक अनुक्रमे 'एल 12' आणि '2' असे होते. तेव्हा वरवर सारखी दिसणारी दोन पदके वस्तुतः दोन वेगळ्या मार्गांनी सैनिकाच्या छातीपर्यंत पोहोचलेली असतात : एक सन्मान म्हणून मिळालेले, दुसरे स्वतः विकत घेतलेली प्रतिकृती. पुढे 26 जुलै 1957 च्या कायद्याने पश्चिम जर्मनीत स्वस्तिकविरहित स्वरूपात ही पदके धारण करण्यास मुभा मिळाली. जुनेच निर्माते पुन्हा कामास लागले आणि अस्सल व नंतरची यांतील सीमारेषा अधिकच पुसट झाली. साच्यातील बारीक तडे, चांदीच्या चौकटीवरील '800' चा शिक्का, लोखंडी गाभ्याची चुंबकीयता अशा खुणांवरून काळ ठरविण्याचे जे शास्त्र विकसित झाले, ते नाणकशास्त्राच्या तोडीचे आहे. त्यास केवळ छंद म्हणून हिणविणे अन्यायाचे ठरेल.

मर्यादा :

परंतु वस्तूविषयी इतक्या काटेकोरपणे बोलणारा ग्रंथ वस्तूमागील घटनेविषयी कसा बोलतो, हा प्रश्न उरतोच. ग्रंथाच्या शीर्षकापासूनच तो उपस्थित होतो. 'फ्यूरर आणि पितृभूमीसाठी' हे शब्द राजवटीच्या तोंडचे आहेत. अवतरणचिन्ह वा टिप्पणी न जोडता ते मुखपृष्ठावर येतात, तेव्हा ग्रंथकार आणि त्याचा विषय यांतील अंतर कमी होते.

क्रिमियाच्या ढालचिन्हाचे उदाहरण घ्यावे. 25 जुलै 1942 रोजी स्थापन झालेले हे चिन्ह डाव्या बाहीवर लावले जाई. त्यावर गरुड आणि क्रिमियाचा नकाशा असे. 21 सप्टेंबर 1941 ते 4 जुलै 1942 या कालावधीत तेथे तीन महिने सेवा, मोठ्या लढाईत सहभाग किंवा जखम हे त्याचे निकष. सोन्याचे चिन्ह फील्ड मार्शल मानश्टाइन आणि रुमानियाचे मार्शल अंतोनेस्कू यांना दिले गेले. संग्राहकास आवश्यक ती माहिती येथे पूर्ण होते. परंतु याच कालावधीत, याच भूभागावर, ओटो ओलेनडोर्फ यांच्या अधिपत्याखालील 'आइन्झाट्सग्रुप्पे डी' या पथकाने डिसेंबर 1941 मध्ये सिम्फेरोपोल येथे दहा हजारांहून अधिक ज्यूंची हत्या केली, आणि मानश्टाइन यांच्या अकराव्या सैन्याचे त्यास साहाय्य होते. पदकाच्या निकषातील तारखा आणि हत्याकांडाची तारीख एकाच चौकटीत बसतात. पदकनिहाय मांडणीत मात्र दुसऱ्या तारखेसाठी रकानाच नसतो. हा लेखकाचा वैयक्तिक दोष मानण्यापेक्षा पद्धतीचा दोष मानणे उचित होय.

तथाकथित 'बांडेनकाम्फ' चिन्हाच्या बाबतीत हा दोष अधिक गंभीर रूप धारण करतो. 30 जानेवारी 1944 रोजी स्थापन झालेल्या या चिन्हाच्या तीन श्रेणी होत्या : लढाईच्या 20 दिवसांसाठी कांस्य, 50 दिवसांसाठी रौप्य, 100 दिवसांसाठी सुवर्ण. त्यावर अनेक मुखांच्या सर्पात खुपसलेली तलवार दाखविली आहे. इंग्रजी संग्राहक साहित्यात यास सरळ 'पार्टिझनविरोधी चिन्ह' म्हटले जाते. वास्तविक 1942 मध्ये हिमलर यांनी 'पार्टिझन' हा शब्दच वर्ज्य ठरवून त्याऐवजी दरोडेखोरांच्या टोळीचा वाचक असा शब्द रूढ केला, तो प्रतिकार करणाऱ्यांस युद्धनियमांचे कोणतेही संरक्षण मिळू नये म्हणून. चिन्हावरील सर्प ही त्याच भाषेची आकृती आहे. बेलारूसमध्ये या नावाखाली शेकडो गावे माणसांसह जाळण्यात आली. 22 मार्च 1943 रोजी जाळलेले खातिन हे त्यांपैकी एक. ज्या 'लढाईच्या दिवसां'ची मोजदाद करून हे चिन्ह दिले गेले ते दिवस कसले होते, हे न सांगता चिन्हाची मागील बाजू पोकळ की भरीव याची चर्चा करणे ही तटस्थता नव्हे. शब्दाचा उगम पुसणारे भाषांतरही निर्दोष मानता येत नाही.

याउलट, लोहक्रॉसची कथा संग्राहकाच्या चौकटीत मावतच नाही इतकी गुंतागुंतीची आहे. 1813 मध्ये प्रशियाच्या राजाने नेपोलियनविरोधी युद्धासाठी स्थापन केलेले हे पदक 1870, 1914 आणि 1939 मध्ये पुनरुज्जीवित झाले. 1918 मध्ये हिटलरला प्रथम श्रेणीचा लोहक्रॉस मिळावा अशी शिफारस करणारे अधिकारी ह्यूगो गुटमान हे स्वतः ज्यू होते. पुढे 1943 मध्ये वॉर्सा घेटो चिरडल्याबद्दल युर्गेन श्ट्रोप यास हाच प्रथम श्रेणीचा क्रॉस मिळाला. एकाच नावाच्या पदकाने या दोन टोकांना स्पर्श केला आहे. त्यांची सांगड घालणे हे संदर्भग्रंथाचे काम नाही, असे समर्थन होऊ शकेल. मात्र शौर्याच्या कथा सांगणे हेदेखील मग त्याचे काम राहत नाही, आणि अँगोलिया यांच्या 'ऑन द फील्ड ऑफ ऑनर' या नंतरच्या ग्रंथाने नाइट्स क्रॉस धारकांच्या बाबतीत तेच काम अंगीकारले आहे.

रोनाल्ड स्मेल्सर आणि एडवर्ड डेव्हिस यांनी 2008 मधील आपल्या ग्रंथात अशा लेखकांना 'गुरू' म्हटले आहे : तपशिलात निष्णात, संदर्भात मौन. आपल्या भाषेतील आदराचा शब्द तेथे काहीसा उपरोधाने आला आहे, हे जाता जाता नोंदवावे. त्यांची टीका सर्वस्वी मान्य करणे कठीण आहे, कारण तपशिलाची शिस्त मौन मोडूही शकते. फाइट शेर्त्सर यांनी 2005 मधील सूचीत मूळ कागदपत्रांच्या आधारे पडताळणी करून, वॉल्टर-पेअर फेलगिबेल यांच्या सात हजारांहून अधिक नाइट्स क्रॉस धारकांच्या यादीतील 193 नावांविषयी शंका उपस्थित केली. फेलगिबेल स्वतः त्या पदकाचे धारक होते. संघटनेच्या स्मृतीपुढे दफ्तरखान्याचा पुरावा उभा राहिला, तो अशाच किचकट सूचिकार्यातून.

भारतीय अभ्यासकांसाठी या साहित्यात एक नोंद विशेष महत्त्वाची आहे. सुभाषचंद्र बोस यांनी जर्मनीत 1942 मध्ये स्थापन केलेली 'आझाद हिंद' सन्मानचिन्हे व्हिएन्नाच्या रुडॉल्फ झोउवाल यांच्या कारखान्यात घडविली गेली. 'शेर-ए-हिंद', 'सरदार-ए-जंग', 'वीर-ए-हिंद' अशी त्यांची नावे. जर्मन पदकांच्या ग्रंथांत ती शेवटच्या पानांवर, परकीय पदकांच्या रांगेत येतात. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात त्यांचा उल्लेख सहसा आढळत नाही, आणि संग्राहकांच्या सूचीत लढ्याचा उल्लेख असत नाही. झोउवाल यांनी युद्धानंतरही पदके घडविणे चालू ठेवल्यामुळे यांतील कोणते चिन्ह अस्सल, हे ठरविण्यासाठी पुन्हा साच्यातील तड्यांकडेच वळावे लागते. ते कोणाला व कशासाठी दिले गेले, हे शोधण्यासाठी मात्र दफ्तरखान्यातच जावे लागेल.