मेरीची वर्षे

विल्यम वायलर यांचा 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज' (१९४६) दुसऱ्या महायुद्धातून घरी परतलेल्या तीन सैनिकांचा चित्रपट म्हणून ओळखला जातो. सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सात ऑस्कर पारितोषिके त्याला मिळाली. तो पाहताना दरवेळी मी एकाच प्रश्नापाशी अडतो : शीर्षकातली ही वर्षे नेमकी कुणाची?

सार्जंट अॅल परततो तो प्रसंग गाजलेला आहे. दार उघडणाऱ्या मुलांना तो खुणेने गप्प करतो. आत कामात असलेली मिली दारावर कोण आले म्हणून विचारते, उत्तर येत नाही आणि त्या शांततेवरूनच तिला कळते. लांब बोळातून दोघे एकमेकांकडे येतात. पण त्याच रात्री अॅलला घरात बसवत नाही. बायको-मुलीला घेऊन तो दारू प्यायला बाहेर पडतो. आमच्या सातारा भागात सुट्टीवर आलेला फौजी पहिले चार दिवस घरातही पाहुण्यासारखा वावरतो, ते इथे आठवते. मिली हे सांभाळून घेते. पुढे एका मेजवानीत ती नवऱ्याचे पेले मोजत टेबलक्लॉथवर काट्याने रेघा ओढते. तिच्यापाशी सुमारे वीस वर्षांचा संसार आहे. तुटलेला धागा जोडायला जुना धागा हाताशी आहे.

मेरीपाशी तो नाही. वैमानिक दलातला कॅप्टन फ्रेड आणि ती लग्नानंतर वीस दिवसही एकत्र राहिले नव्हते, तेवढ्यात तो आघाडीवर गेला. ती नाइटक्लबात नोकरी करत एकटी राहिली. परतलेला फ्रेड झोपेत ओरडतो आणि औषधांच्या दुकानात आठवड्याला साडेबत्तीस डॉलरवर राबतो. तिला गणवेशातला नवरा हवा असतो. ही माणसे एकमेकांपासून दुरावली म्हणणेही चूक. त्यांची ओळखच झाली नव्हती. अशी घाईची लग्ने युद्धकाळात खूप झाली आणि १९४६ साली अमेरिकेत घटस्फोटांचे प्रमाण तोवरच्या उच्चांकाला पोहोचले.

हे सारे चित्रपटाला दिसते, तरी निवाडा देताना तो दोन मापे वापरतो. फ्रेड अॅलच्या मुलीचे, पेगीचे चुंबन घेतो ते प्रेम ठरते; मेरीच्या घरी दुसरा पुरुष दिसतो तो तिच्या उथळपणाचा पुरावा ठरतो. मेरी पैशाची लोभी आहे, हे खरे. पण तिला तशी रंगवणे हा पटकथेचा निर्णय आहे. विवाहसंस्थेचे पावित्र्य राखा असे बजावणारी आचारसंहिता तेव्हा हॉलिवूडवर होती. नायकाला घटस्फोटातून निर्मळ बाहेर काढायचे, तर दोष बायकोच्या पदरात टाकणे सोयीचे होते.

मिलीला पटकथा न्याय देते. आईबापांचा संसार कधी डगमगलाच नाही असे मानणाऱ्या पेगीला ती सांगते, की आम्ही कितीदा एकमेकांचा तिटकारा केला आणि कितीदा नव्याने प्रेमात पडलो. चित्रपटातले हे सर्वांत शहाणे बोलणे. पण नव्याने प्रेमात पडायला आधी एकदा एकत्र राहावे लागते. ती संधी युद्धाने मेरीकडून काढून घेतली, हे वायलर दाखवतात आणि लगेच विसरतात. स्वतः युद्धावर जाऊन एका कानाची श्रवणशक्ती गमावलेल्या या दिग्दर्शकाला फ्रेडच्या रात्री आतून कळतात. मेरीच्या मधल्या रात्रींचे एकही दृश्य नाही.

आता शीर्षकाकडे येऊ. शेवटच्या भांडणात मेरी म्हणते, की आयुष्यातली उत्तम वर्षे मी तुझ्यापायी घालवली. पुन्हा नोकरी धरून घटस्फोट घेण्याचे ती तिथेच जाहीर करते. म्हणजे चित्रपटाला नाव मिळते ते त्याने दोषी ठरवलेल्या बाईच्या तोंडून. फक्त तिचे 'माझी' जाऊन तिथे 'आमची' आले. त्या 'आमची'त मिली आहे, फ्रेड-अॅल आहेत. ज्या मेरीचे ते शब्द, ती मात्र नाही.