परतणारा आणि राहणारी

दिवाळीला माहेरी आलेल्या लेकींच्या हाती हा अंक पडेल, म्हणून घरी परतण्याच्या एका फार जुन्या कथेविषयी लिहावेसे वाटले. होमरच्या ‘ओडिसी’चा नायक ओडिसियस १० वर्षे ट्रॉयच्या युद्धात आणि पुढची १० वर्षे भटकंतीत घालवून इथाकेला परततो. पेनेलोपीला मागणी घालीत घरात ठाण मांडून बसलेल्यांना तो ठार करतो. जिवंत ऑलिव्हच्या बुंध्यावर घडविलेल्या, न हलणाऱ्या पलंगाच्या खुणेवरून पतिपत्नींची ओळख पटते.

काही प्राचीन टीकाकारांच्या मते काव्य येथेच संपते. पण मग बापलेकांची भेट आपण गमावली असती. मळ्यात राबणाऱ्या म्हाताऱ्या लेअर्टीझला मुलगा लहानपणी मिळालेली झाडे मोजून दाखवतो: १३ नासपतीची, १० सफरचंदाची, ४० अंजिराची, शिवाय द्राक्षवेलींच्या ५० ओळी. माणूस ओळखू आला नाही तरी झाडे साक्ष देतात! आखाजीला माहेरच्या निंबावर झोका घेणाऱ्या खानदेशी लेकीला हे समजावून सांगायला नको.

समेट मात्र मला उणा वाटतो. मेलेल्यांचे आप्त शस्त्रे घेऊन येतात. अथीना देवी मध्ये पडते आणि तह होतो. फाशी दिलेल्या १२ दासींची त्यात आठवणही निघत नाही. पेनेलोपी माडीवरच राहते. ही शांती वरून आली, माणसांच्या मनातून उगवली नाही.

येथे आपल्या बहिणाबाई चौधरी आठवतात. असोद्यात १८८० साली जन्मलेली, अक्षरओळख नसलेली ही लेक जवळच्याच जळगावला सासरी आली. समुद्र ओलांडायचा नव्हता, तरी माहेर दूरच! निधनानंतर, १९५२ साली पुस्तकरूपाने आलेल्या त्यांच्या गाण्यांत एका योग्याशी झालेला संवाद आहे. माहेरचे एवढे गोडवे गातेस, तर सासरी नांदतेस कशाला, असे तो विचारतो. बाईचे उत्तर असे, की लेकीला माहेर असावे म्हणूनच आई सासरी नांदते.

सासर आणि माहेर यांचा हा समेट कोणा देवीने घडविलेला नाही. तो एका बाईने रोजच्या नांदण्यातून साधला आहे. परतणाऱ्याला घर सापडते, कारण कुणीतरी तेथे राहिलेले असते. पेनेलोपीने २० वर्षे हेच केले. पण तसे म्हणून दाखवले ते आमच्या असोद्याच्या लेकीने.

भाऊबीज आटोपून निघताना दारातल्या आईकडे एकदा वळून पाहावे, एवढेच सांगणे.