कुठेच नसलेलं लोअर परळ

आपल्याकडे निसर्गचित्राला ‘सीनरी’ म्हणतात आणि तिचा साचा ठरलेला असतो. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वळत येणारी नदी, काठावर झोपडी आणि नारळाचं झाड. कोपरगावात आम्ही पोरं हेच काढायचो. गोदावरी गावाला लागून वाहते, पण कागदावर उतरायची ती डोंगरातून धावत येणारी भलतीच कुठली तरी नदी. साखर कारखान्याचं धुराडं, रस्त्याच्या कडेला उभ्या उसाच्या ट्रॉल्या, नदीवरचा पूल यातलं काही कुणी काढलं नाही. ते सीनरीत बसतच नव्हतं.

सुधीर पटवर्धनांची चित्रं बघताना मला हा साचा सारखा आठवतो, कारण सीनरीत न बसणारं सगळं त्यांनी आत घेतलंय. जन्म पुण्यात, १९४९चा. शिक्षण डॉक्टरकीचं. १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं त्यांनी ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं आणि चित्रकला स्वतःच्या स्वतः शिकले. १९७०-८०च्या दशकांतली ‘इराणी रेस्टॉरंट’, ‘ट्रेन’ ही चित्रं माणसांची आहेत. कष्ट करणारी, जड अंगाची, दमलेली माणसं. पुढे चौकट रुंद होत गेली आणि ‘पोखरण’, ‘उल्हासनगर’, ‘लोअर परळ’ अशी शहराची मोठी दृश्यं आली.

या दृश्यांना मी काल्पनिक म्हणतो. नावं खरी आहेत, चिमण्या, रेल्वे, पूल, नव्या इमारती सगळं ओळखू येतं. पण हे सगळं एकत्र असं दिसेल अशी एकही जागा लोअर परळमध्ये सापडणार नाही. वेगवेगळ्या ठिकाणांहून पाहिलेलं एका कॅनव्हासवर जोडलेलं आहे. युरोपात ब्रूगेलने १५६५मध्ये ‘हंटर्स इन द स्नो’ रंगवताना हेच केलं होतं. सपाट प्रदेशातलं गाव, आणि त्यामागे आल्प्ससारखे सुळके.

तुम्ही म्हणाल, मोबाइलचा पॅनोरमा पण जोडतोच की. जोडतो, पण तिथे तुम्ही एकाच जागी उभे राहून गोल फिरता आणि सॉफ्टवेअरचं सगळं कसब सांधा लपवण्यात जातं. मध्ये कुणी चाललं तर त्याचा पाय कापला जातो. पटवर्धन स्वतः चालतात. एक कोपरा गच्चीवरून पाहिलेला वाटतो, दुसरा रस्त्यावरून, आणि या दोन नजरांमधला ताण ते पुसून टाकत नाहीत. म्हणून आपली नजर चित्रात एका जागी टिकत नाही, तिलाही चालावं लागतं.

ते रेडिओलॉजिस्ट म्हणून त्यांची चित्रं म्हणजे ‘शहराचा एक्स-रे’ असं म्हणायचा मोह होतो. मला ही उपमा आळशी वाटते. एक्स-रे पुढचं-मागचं सगळं एकाच सपाटीवर आणून ठेवतो. पटवर्धन नेमकं उलटं करतात. जवळचं आणि लांबचं यांच्यातलं अंतर ते जपतात, अगदी गर्दीतसुद्धा.

माझी एक तक्रार आहे. दृश्य रुंद झालं तशी माणसं लहान झाली. ‘ट्रेन’मध्ये जो आपल्या खांद्याला खांदा लावून होता, तो आता लांबचा ठिपका होतो. एवढ्या उंचीवरून शहर कोणाला दिसतं? वरच्या मजल्यावर फ्लॅट असलेल्याला. आणि आज काल्पनिक निसर्गदृश्यं सगळ्यात जास्त कोण बनवत असेल, तर बिल्डर. समृद्धी महामार्ग कोपरगाव तालुक्यातून गेला, २०२२च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी सुरू झाला. प्लॉट विकणाऱ्यांच्या जाहिरातींतली हिरवळ, कारंजं, सायकल चालवणारं गोरंगोमटं कुटुंब हेही चित्रच आहे. त्याचीही नजर उंचावरचीच.

फरक काय ठेवलंय यात आहे. बिल्डरच्या रेंडरमधून सगळ्यात आधी कुणाचं तरी पत्र्याचं घर डिलीट होतं. पटवर्धनांच्या चित्रात जुनं हटत नाही. १९८२च्या संपानंतर गिरण्या मोडत गेल्या, पण २००१च्या ‘लोअर परळ’मध्ये चिमणी नव्या इमारतींच्या शेजारीच उभी आहे. तिच्यासाठी गळा काढलेला नाही आणि टॉवरला शिवीही दिलेली नाही. मला कधीकधी वाटतं, थोडी द्यायला हवी होती. हा समतोल काही चित्रांत फार डॉक्टरी वाटतो, पेशंटसमोर चेहरा न हलवणारा. पण तरुणपणी मार्क्सवादाकडे ओढा असलेल्या या माणसाने घोषणेऐवजी वीटन् वीट मांडत बसणं पत्करलं, याला मी जास्त किंमत देतो.

मुंबईच्या एनजीएमएमध्ये २०१९-२०ला ‘वॉकिंग थ्रू सोल सिटी’ हे त्यांचं मोठं सिंहावलोकन प्रदर्शन झालं, नॅन्सी अदजानिया यांनी क्युरेट केलेलं. आता बहुतेकांना ही चित्रं फोनवरच भेटतील. फोन आडवा धरा, आणि लगेच झूम करू नका. आधी कुठला रस्ता चित्राबाहेर जातो ते शोधा. मग त्या रस्त्यावर कोण उभं आहे ते बघा.