रंगमंचावरील सिंथेसायझर : वाद्य की पर्याय? – स्वारगेटच्या रंगमंचाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

स्वारगेट येथील गणेश कला क्रीडा रंगमंच हे पुण्यातील मोठ्या सांगीतिक कार्यक्रमांचे एक महत्त्वाचे स्थान होय. १९८९ मध्ये सुरू झालेल्या पुणे फेस्टिव्हलचे अनेक कार्यक्रम येथे झाले आहेत. अशा मंचावरील चित्रगीतांच्या वाद्यवृंदात सिंथेसायझर, म्हणजेच रूढ भाषेतील ‘कीबोर्ड’, अपरिहार्य ठरला आहे. या वाद्याने रंगमंचाला काय दिले व काय हिरावून घेतले, याचा प्रोग्रेसिव्ह रॉकच्या तुलनेत विचार करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

विवेचन :

प्रोग्रेसिव्ह रॉक हा प्रवाह १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये आकारास आला. ‘एमर्सन, लेक अँड पामर’ या त्रयीतील कीथ एमर्सन यांनी रॉबर्ट मूग यांचा मॉड्यूलर सिंथेसायझर प्रत्यक्ष मंचावर आणला. २६ मार्च १९७१ रोजी न्यूकॅसल येथे या त्रयीने मुसोर्ग्स्की यांच्या मूळ पियानोरचनेवर आधारित ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’ सादर केले. त्या यंत्राचे ऑसिलेटर तापमानानुसार सुरातून ढळत. १९७० च्या मिनीमूगवर एका वेळी एकच स्वर निघे आणि सिद्ध केलेला नाद साठवून ठेवण्याची सोय त्यात नव्हती. साहजिकच प्रत्येक नाद वादकाला श्रोत्यांसमक्ष हाताने घडवावा लागे. यंत्राची ही उणीवच सादरीकरणाचे बळ ठरली.

१९८३ मध्ये आलेल्या यामाहा डीएक्स-७ मध्ये ३२ नाद साठवता येऊ लागले. त्याच वर्षी मिडी पद्धतीमुळे निरनिराळी यंत्रे परस्परांशी जोडता येऊ लागली. सोय वाढली, मात्र नाद घडविण्याची जागा नाद निवडण्याने घेतली.

मराठी रसिकाला हा वाद अपरिचित नाही. संगीत रंगभूमीवर सारंगीची जागा ऑर्गनने घेतली. पेटीवर मींड निघत नाही, श्रुती सांभाळल्या जात नाहीत, या आक्षेपांमुळे आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१ मध्ये अंशतः शिथिल झाली. लक्षणीय बाब अशी की, मिनीमूगच्या पट्ट्यांशेजारील चाकाने स्वर सलग वर-खाली नेता येतो. म्हणजे पेटीवरील एका मुख्य आक्षेपाचे उत्तर या वाद्यात उपलब्ध होते. तथापि वाद्यवृंदांनी ही शक्यता क्वचितच विकसित केली. त्यांनी कीबोर्डकडे व्हायोलिनचा ताफा, बासरी, ॲकॉर्डियन यांची नक्कल सोपविली. परिणामी एका वादकाने अनेकांची जागा भरून काढली आणि त्या अनेकांच्या उपजीविकेचा प्रश्न अनुत्तरित राहिला.

याची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. व्हायोलिनवादकांचा संपूर्ण ताफा उभा करणे मर्यादित अर्थबळाच्या वाद्यवृंदास शक्य नसते. कीबोर्डमुळेच तो चित्रगीतांचा भरगच्च वाद्यमेळ श्रोत्यांपर्यंत पोहोचवू शकतो. त्यामुळे दोष वाद्याला देणे अन्यायाचे ठरेल.

निष्कर्ष :

वाद्य विजेवर चालते की वाऱ्यावर, हा समीक्षेचा निकष होऊ शकत नाही. श्रोत्यांसमोर स्वर जन्मास येतो की आधीच भरून ठेवलेला केवळ सोडला जातो, हा खरा निकष होय. एमर्सन यांच्या मंचावर चूक होण्याची शक्यता जिवंत होती; म्हणूनच त्या सादरीकरणाला प्रयोगाचे मोल होते. स्वारगेटच्या मंचावरील कीबोर्डवादकाने इतर वाद्यांचा प्रतिनिधी न राहता स्वतःच्या वाद्याचा सूर शोधला, तरच तिकीट काढून आलेला रसिक ध्वनिमुद्रिकेहून वेगळे काही ऐकून घरी परतेल.