समितीच्या खोलीतला फुटबॉल

१९७८ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर डेव्हिड विल्यमसन या ऑस्ट्रेलियन नाटककाराचं एक नाटक लागलं. मूळ नाव ‘द क्लब’, अमेरिकेपुरतं ते ‘प्लेयर्स’ केलेलं. आदल्याच वर्षी मेलबर्न थिएटर कंपनीने ते पहिल्यांदा रंगमंचावर आणलं, तेव्हा मेलबर्नकरांनी त्यावर उड्या टाकल्या होत्या. ब्रॉडवेवर मात्र ते महिनाभरही तग धरू शकलं नाही. ज्या खेळावरून पात्रं एकमेकांचे गळे धरतात, तो खेळ पाहिलेला माणूस न्यूयॉर्कच्या प्रेक्षागृहात सापडणंच कठीण होतं.

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचं, म्हणजे इथल्या भाषेत ‘फूटी’चं, पडद्यावरचं सगळं आयुष्य या एका अडचणीभोवती फिरतं. या खेळाची गोष्ट देशाबाहेर विकली जात नाही. इतकंच कशाला, देशातही ती सगळीकडे चालत नाही. इतिहासकार इयन टर्नर यांनी १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर एक काल्पनिक रेघ ओढली आणि तिला रॉन बरॅसी या नामांकित खेळाडूचं नाव दिलं. या ‘बरॅसी लाइन’च्या एका बाजूला व्हिक्टोरिया, टास्मानिया, दक्षिण आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया, तिथे फूटी. दुसऱ्या बाजूला सिडनी आणि ब्रिस्बेन, तिथे रग्बी. म्हणजे फूटीवर चित्रपट काढणाऱ्याने अर्ध्या देशावर पाणी सोडूनच कॅमेरा लावायचा. तरीही तो लावला जातो, याचं कौतुक या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळं समजावून सांगायला नको.

खेळही कॅमेऱ्याला सोयीचा नाही. १८५९ मध्ये मेलबर्नमध्ये त्याचे नियम लिहिले गेले आणि पुढे तो क्रिकेटच्या मैदानांवर स्थिरावला. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल. दोन्ही संघांचे मिळून ३६ जण मैदानभर पांगलेले, आणि ऑफसाइड नावाची भानगडच नाही. मधल्या दोन खांबांतून चेंडू मारला की सहा गुण, त्यांच्या बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. आपल्याकडच्या लोकांना एमसीजी, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, म्हटलं की २०२२ च्या विश्वचषकात कोहलीने हारिस रौफला मारलेले दोन षटकार आठवतात. मेलबर्नच्या माणसाला आठवतो तिथलाच १९७० चा फूटीचा अंतिम सामना. त्या दिवशी १,२१,६९६ प्रेक्षकांसमोर कार्लटनच्या अ‍ॅलेक्स जेसालेंकोने प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर चढून चेंडू झेलला होता. तो झेल फिल्मवर आहे, त्याला माइक विल्यमसनच्या समालोचनाची जोड आहे, आणि आजही तो दाखवला जातो. असं काही खोटं उभं करून दाखवणं कुठल्याही दिग्दर्शकाला जड जाणार. म्हणूनच फूटीवरचे चांगले चित्रपट चेंडूच्या मागे धावत नाहीत. ते समितीच्या खोलीत जातात, कपडे बदलायच्या खोलीत जातात, कुंपणाला टेकून उभ्या असलेल्या पाठीराख्यांकडे वळतात.

‘द क्लब’ हा त्याचा अस्सल नमुना. ब्रूस बेरेसफर्ड यांनी १९८० मध्ये त्यावर चित्रपट केला. हेच बेरेसफर्ड पुढे ‘ड्रायव्हिंग मिस डेझी’ करणार होते, ज्याला ऑस्करचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. मूळ नाटकात पात्रं सहा आणि जागा एकच, समितीची बैठकीची खोली. एका दिवाणखान्यात तीन अंक उभे करणाऱ्या नाटकांवर वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला ही बांधणी लगेच ओळखीची वाटेल. अध्यक्ष टेड पार्कर हा मीट-पाय बनवणारा कारखानदार. स्वतः कधी खेळला नाही, पण क्लबवर जीव ओवाळून टाकणारा. प्रशिक्षक लॉरी वर्षानुवर्षं विजेतेपदाच्या मागे. जॉक हा जुना खेळाडू, जुना प्रशिक्षक आणि आता खुर्चीवर डोळा ठेवून बसलेला. गेरी हा पगारी व्यवस्थापक, त्याला भावनांशी देणंघेणं नाही. आणि टास्मानियाहून भलीमोठी रक्कम मोजून आणलेला तरुण जेफ हेवर्ड, जो भर सामन्यात गांजाच्या धुंदीत आकाशातल्या सीगल पक्ष्यांकडे बघत उभा राहतो.

यातल्या प्रत्येक माणसाला आपण कुठल्या ना कुठल्या मंडळाच्या वार्षिक सभेत भेटलेलो आहोत. (सीगलवाल्यालासुद्धा.)

चित्रपटात टेडचं काम केलंय ग्रॅहम केनेडी यांनी. १९५७ पासून ‘इन मेलबर्न टुनाइट’ या कार्यक्रमाने घराघरांत पोचलेला हा विनोदवीर इथे हळूहळू एकटा पडत जातो आणि बघणाऱ्याच्या घशात आवंढा येतो. लॉरी झालेत जॅक थॉम्पसन. चित्रीकरण खऱ्याखुऱ्या कॉलिंगवूड क्लबच्या साथीने, त्यांच्या व्हिक्टोरिया पार्क मैदानावर झालं. आपल्याच क्लबमधली कारस्थानं दाखवणाऱ्या कथेला कॉलिंगवूडने दार उघडून दिलं, हे मोठंच मन म्हणायचं. १९५८ नंतर या क्लबला विजेतेपद मिळालेलं नव्हतं. चित्रपट आला त्याच वर्षी ते अंतिम सामन्यात पोचले आणि रिचमंडकडून ८१ गुणांनी हरले.

त्याआधी, १९७५ मध्ये, ‘द ग्रेट मकार्थी’ येऊन गेला होता. बॅरी ओकली यांच्या कादंबरीवरचा, खेड्यातला पोरगा शहरातल्या क्लबने पळवून आणण्याची धमाल गोष्ट सांगणारा. जॉन जॅरट यांचा हा पहिला चित्रपट, सोबत बॅरी हम्फ्रीज. गंमत आहे, पण घट्ट नाही.

दूरचित्रवाणीची गोष्ट निराळी. मेलबर्नमध्ये टीव्ही आला १९५६ च्या ऑलिंपिकच्या तोंडावर, आणि दुसऱ्याच वर्षी सामन्यांचा शेवटचा क्वार्टर थेट दिसू लागला. पण लोक घरी बसून बघू लागले तर तिकिटं कोण काढणार, ही धास्ती स्पर्धा भरवणाऱ्या लीगला कायम होती. अंतिम सामना मेलबर्नमध्ये थेट दिसायला १९७७ उजाडलं. त्या वर्षी नॉर्थ मेलबर्न आणि कॉलिंगवूड बरोबरीत सुटले आणि आठवड्याने सगळं पुन्हा खेळावं लागलं. टीव्हीवाल्यांचं नशीब! मधल्या काळात प्रत्यक्ष सामन्याची भूक गप्पांनी भागवली. चॅनेल सेव्हनचा ‘वर्ल्ड ऑफ स्पोर्ट’ १९५९ ते १९८७ असा रविवारी चालला. ‘लीग टीम्स’मध्ये लू रिचर्ड्स, जॅक डायर आणि बॉब डेव्हिस हे तीन माजी खेळाडू संघ जाहीर करण्याच्या निमित्ताने एकमेकांची यथेच्छ टिंगल करत. चॅनेल नाइनचा ‘फूटी शो’ १९९४ पासून पाव शतक चालला. त्यातला बराच विनोद आज बघवत नाही.

या गप्पांच्या टेबलाला खरं उत्तर दिलं ते ‘मार्नग्रूक फूटी शो’ने. पोसमच्या कातड्याच्या चेंडूने आदिवासी खेळत असलेल्या जुन्या खेळाचं नाव घेतलेला हा कार्यक्रम रेडिओवर सुरू झाला, २००७ मध्ये टीव्हीवर आला आणि २०१९ पर्यंत टिकला. ग्रँट हॅन्सन आणि त्यांचे आदिवासी सहकारी खेळाबद्दल तितक्याच चवीने बोलत, आणि मग एखादा खेळाडू कुठल्या भागातला, कुठल्या घरातला, याची चौकशी निघे.

माहितीपटांत पहिला मान ‘इयर ऑफ द डॉग्ज’चा. मायकेल कॉर्डेल यांनी १९९६ चा अख्खा हंगाम फुट्सक्रे या पश्चिम मेलबर्नच्या कामगारवस्तीतल्या क्लबबरोबर काढला. नशिबाने, की कमनशिबाने, हंगामही तसाच मिळाला. संघ हरत राहिला, प्रशिक्षक मध्येच बदलला, अध्यक्ष बदलला, आणि शेजारचा फिट्झरॉय क्लब तर त्याच वर्षी ब्रिस्बेनमध्ये विलीन झाला. नवे प्रशिक्षक टेरी वॉलेस कपडे बदलायच्या खोलीत खेळाडूंना झापतात तो प्रसंग आजही लोक एकमेकांना करून दाखवतात. पण या चित्रपटाचा जीव आहे तो पावसात मफलर गुंडाळून उभ्या राहणाऱ्या पाठीराख्यांत. हंगाम संपल्यावर क्लबचं नाव वेस्टर्न बुलडॉग्ज झालं. १९५४ नंतरचं पुढचं विजेतेपद त्यांना २०१६ मध्ये मिळालं, ६२ वर्षांनी.

वर्णभेदाचा प्रश्न पडद्यावर यायला वेळ लागला. फिलिप ग्विन यांच्या कादंबरीवरचा ‘ऑस्ट्रेलियन रूल्स’ २००२ मध्ये आला. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मासेमारीच्या गावात एक गोरा आणि एक आदिवासी मुलगा एकाच संघात खेळतात. मैदानाबाहेर मात्र गावाचे दोन भाग पडतात. ही गोष्ट सांगायचा हक्क कोणाचा, यावर तेव्हा वादही झाला. त्याहून धारदार काम इयन डार्लिंग यांच्या ‘द फायनल क्वार्टर’ने २०१९ मध्ये केलं. सिडनी स्वान्सचे आदिवासी खेळाडू अ‍ॅडम गुड्स लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक दोनदा जिंकलेले, २०१४ चे ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’. पुढच्याच वर्षी एकामागून एक मैदानांत त्यांची हुर्यो उडवली गेली आणि ते निवृत्त झाले. डार्लिंग यांनी नवी मुलाखत घेतली नाही, निवेदकही ठेवला नाही. त्या वर्षांतलं टीव्हीवरचं चित्रण आणि टीव्हीवर बसलेल्या पंडितांची वाक्यं फक्त एकापुढे एक लावली. दूरचित्रवाणी स्वतःविरुद्ध साक्षीला उभी राहिली. चित्रपट लोकांसमोर येण्याच्या तोंडावर लीग आणि सर्व १८ क्लबांनी गुड्स यांची जाहीर माफी मागितली.

यातलं काहीही परदेशी प्रेक्षकाला सोपं करून सांगितलेलं नाही. नियम कोणी समजावत नाही, उपनगरांची नावं ओळख न देता येतात, उच्चार जसेच्या तसे राहतात. ही अडचण नव्हे, ताकद आहे.

मेलबर्नमधल्या ज्या मराठी घरांतली मुलं हिवाळ्यात सकाळी सकाळी ऑसकिकला, म्हणजे लहान मुलांच्या फूटीच्या वर्गाला, जातात, त्यांच्या आईबाबांनी सुरुवात कुठून करावी? २०१८ च्या ‘द मर्जर’पासून. डेमियन कॅलिनन यांनी आपल्या एकपात्री प्रयोगावरून तो लिहिला, मुख्य भूमिकाही स्वतः केली, दिग्दर्शन मार्क ग्रेंटेल यांचं. लहानशा गावाच्या क्लबला खेळाडू मिळेनात, तेव्हा तिथे आलेल्या निर्वासितांना संघात घेतलं जातं. त्यांना नियम शिकवावे लागतात, त्यामुळे बघणाऱ्यालाही ते आपोआप कळतात; या सगळ्या यादीत नवख्याची सोय पाहणारा बहुधा हा एकटाच. पुढे ‘इयर ऑफ द डॉग्ज’, आणि मग ‘द क्लब’. तो मात्र मुलं झोपल्यावर लावावा, कारण समितीतली मंडळी तोंडाला अजिबात आवर घालत नाहीत.