दीड लाख स्त्रिया, चिठ्ठ्या मात्र वीस

जुहू चौपाटीवर रविवारी संध्याकाळी दिसेल त्याला थांबवून प्रश्नावली भरून घ्यायची आणि प्रबंधात ‘रँडम नमुना’ लिहायचं, ही सवय असेल तर आधी सोडा. रँडम म्हणजे ‘कसंही’ नव्हे. निवड स्वतःच्या हातातून काढून चिठ्ठीवर सोपवणं, हे रँडम. चिठ्ठी दोन कामं करते: कोणाला विचारायचं ते ठरवते, किंवा कोणाला उपचार द्यायचा ते. आज दुसरं काम बघू.

त्यासाठी मुंबईतलाच पेपर वाचा: टाटा मेमोरियलचा, २०२१ साली ‘बीएमजे’त आलेला. १९९८ पासून वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया त्यात होत्या. एका गटाची आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, हाताने स्तनतपासणी केली. दुसऱ्या गटाला एकदा कर्करोगाची माहिती दिली. वीस वर्षांनी तपासणी गटात मृत्यू १५ टक्के कमी दिसले, पण तो फरक योगायोगाचाही असू शकतो. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मात्र जवळपास ३० टक्के लक्षणीय घट.

आता दीड लाखाने दिपून जाऊ नका. चिठ्ठी एकेका स्त्रीसाठी नव्हे, २० वस्तीगटांसाठी टाकली होती. ते योग्यच, कारण चाळीत शेजारणींपासून माहिती लपत नाही. पण एका वस्तीतल्या स्त्रियांचं उत्पन्न, राहणीमान, दवाखाना सारखाच, म्हणून ही दीड लाख स्वतंत्र उत्तरं नव्हेत. शिवाय वीस चिठ्ठ्यांत दोन बाजू असमान पडू शकतात. म्हणून पन्नाशीपुढचा निष्कर्ष मला आशादायक वाटतो, निर्णायक नाही. वयानुसार तुकडे पाडले की एखाद्यात फरक दिसण्याची शक्यता तशीही वाढते.

याच प्रयोगाच्या गर्भाशयमुखाच्या भागात कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. नियंत्रण गटाला तपासणी का नाही, यावर टीकाही झाली. सरकारी तपासणी नव्हतीच, हा बचाव मला अपुरा वाटतो. पॅप स्मिअरचा उपयोग तेव्हा जगाला माहीत होता. उत्तर खरंच माहीत नसेल तिथेच चिठ्ठी न्याय्य ठरते.

तेव्हा पुढचा पेपर उघडलात की तीन प्रश्न विचारा. चिठ्ठ्या किती टाकल्या? कोणाच्या नावाने? आणि ज्यांना चिठ्ठी लागली नाही, त्यांच्या वाट्याला काय आलं?